तुमचं गाणं आणि माझं गाणं

बाई, तुमचं म्हणणं मला अजूनही पटलेलं नाही.

तेरवी झाली. पाहुणे आपापल्या गाड्या जुंपून गेले. इतके दिवस घरात बायाच बाया होत्या आणि जी ती तुमचं चांगलंच बोलत होती. तुमची धाकटी जाऊ म्हणून मला जवळ ओढून सांगत होत्या, की तुमच्यासारखी गरीब बाई या धनज गावात झाली नाही, कोणाला कधी उलटून बोलली नाही. मी पदर तोंडाशी धरून ऐकत होते. मला तर तुम्ही रोज उलटून बोललात. भाकरी थापताना, तुरी पाखडताना, कपाशी वेचताना. गाण्यांवरून तुम्ही मला जेवढं बोललात तेवढं सासूबाई सगळ्या जन्मात बोलल्या नसतील. ते बोलणं बंद झालं आहे आणि दिवस कसा काढायचा ते मला समजत नाही.

माहेरी चौथीपर्यंत शाळेत गेले होते, म्हणून लिहिते आहे. तुम्हाला तर वाचताही येत नव्हतं. तरी तुमच्याशीच बोलते. दुसरं कोण आहे?

लग्न होऊन मी कारंज्याहून या घरात आले तेव्हा तुमची मला भीती वाटायची. तुम्ही उंच, अंगाने भरलेल्या, आणि कमी बोलणाऱ्या. चार दिवस तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोललात. मग एका दुपारी सासूबाई निजल्या आहेत असं पाहून तुम्ही माझ्याजवळ येऊन बसलात आणि हळूच विचारलंत, "कारंज्याले नाटकवाले येतात म्हणे. तू पाह्यलं का व नाटक?"

नाटक मी पाहिलं नव्हतं. आमच्या घरच्या बायकांना कोण नेणार? पण कंपनीचा तंबू आमच्या गल्लीच्या मागेच पडायचा आणि वाऱ्याची दिशा बरी असली की गाणी गच्चीवर ऐकू यायची. हे सांगितल्यावर तुम्ही माझा हातच धरलात. म्हणालात, जेवढं ऐकलं तेवढं म्हण. मी म्हटलं. अर्धं इथलं, अर्धं तिथलं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि शेवटी म्हणालात की आवाज बरा आहे, पण गाणं काही खास नाही. आपल्या वादाची सुरुवात ती.

पुढे भासऱ्यांनी, म्हणजे तुमच्या मालकांनी, अमरावतीहून फोनो आणला. त्या वर्षी कापूस चांगला पिकला होता. बैठकीत चौरंगावर ती पेटी, तिचा पितळी कर्णा, आणि कागदी पाकिटांत तबकड्या. संध्याकाळी गावातली माणसं जमायची. भासरे चावी द्यायचे, सुई बदलायचे, आणि गाणं सुरू व्हायचं. आपण दोघी भिंतीच्या अलीकडे माजघरात. आपल्याला तबकडी दिसायची नाही, तिच्यावरचं नाव दिसायचं नाही, गाणारा कोण ते बहुतेक वेळा कळायचं नाही. माणसं गाणं संपायच्या आधीच भांडायला लागायची. कोणाची कंपनी मोठी, कोणाला राजाने शालजोडी दिली, कोण पहिल्यापेक्षा उतरला. तुम्ही चिडून म्हणायच्या, "हे लोकं गाणं ऐकून राह्यले की सोयरीक जमवून राह्यले?"

गाण्यांची नावं माहीत नव्हती म्हणून आपण आपलीच नावं ठेवली. तुमचं ते वाट पाहण्याचं गाणं. माझं ते हसऱ्या बाईचं गाणं. बाकी गाण्यांनाही नावं होती, पण शेवटी ही दोनच उरली. मग तर नावंही गळाली. तुमचं आणि माझं, एवढंच.

तुमचं गाणं नाटकातलं होतं. बाईचं सोंग घेतलेल्या पुरुषाने म्हटलेलं. एका ओळीवर तो इतका वेळ थांबायचा की मला वाटायचं, चावी उतरली. तुम्ही मात्र सूप खाली ठेवून भिंतीला डोकं टेकायच्या. मी एकदा म्हटलं, "पुरुष हाय तो, बाई. त्याले काय माहीत वाट पाहणं?"

तुम्ही म्हणालात, "माहीत नाई म्हणूनच त्यानं नीट पाह्यलं असन. ज्याले माहीत असते तो कायले पाहते?"

याला मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही. पण उत्तर आलं नाही म्हणून मी हरले असं तुम्ही धरलंत, ते चूक होतं.

माझं गाणं एका गाणारणीचं होतं. छोटं, चपळ. ऐकताना वाटायचं की ती हसू दाबून गाते आहे. आणि गाणं संपलं की त्या काळच्या रीतीप्रमाणे ती स्वतःचं नाव सांगायची. मोठ्याने, स्पष्ट. ते नाव ऐकलं की माझ्या अंगावर काटा यायचा. या घरात मला कोणी नावाने हाक मारत नव्हतं, तुम्ही सोडून. तुम्हाला ते नाव सांगणं आवडलं नव्हतं. "काय गरज होती तिले?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, गाणं तिचं आहे, मग नाव कोणाचं सांगणार? तुम्ही नुसती भाकरी उलटवलीत. दुसऱ्या दिवशी विहिरीवर, मी विसरूनही गेले होते तेव्हा, म्हणालात, "नाव सांगतलं त्याचं मले काई नाई. गाण्यात ताकद कमी पडली म्हणून सांगा लागलं तिले."

रात्रभर विचार करून आणलं होतं तुम्ही ते. मी हसून हसून बादली विहिरीत सोडली.

तुमचं म्हणणं असं, की मोठं गाणं ऐकताना हात थांबले पाहिजेत. चालत्या हाताने ऐकलं ते गाणंच नव्हे. माझं म्हणणं असं, की हात थांबवणारं गाणं बैठकीतल्या लोकांसाठी असतं. आपल्याला असं गाणं पाहिजे जे हाताबरोबर चालेल, दळताना, वेचताना सोबत येईल. कारंज्यात टांगेवालेसुद्धा माझं गाणं म्हणतात, असं मी अभिमानाने सांगायची. तुम्ही म्हणायच्या, टांगेवाले घोड्यालाही बोलतात, म्हणून ते काय भजन झालं?

आणि मधे कमळी. तुमची एकुलती एक. ती लहान होती, तिला बैठकीत जायला मोकळीक होती. आपल्याला गाणं ऐकावंसं वाटलं की तुम्ही तिच्या कानात सांगायच्या आणि ती बापाच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणायची, बाबा, ते लावा. आपलं नाव सांगायचं नाही, अशी तुम्ही तिला ताकीद दिली होती. पोरीचा हट्ट म्हणून भासरे हसायचे आणि लावायचे. ऐकून ऐकून तिने दोन्ही गाणी उचलली. कोणतं मोठं, असं आपण तिलाच विचारायचो. ज्या दिवशी जी लाडू देईल तिचं गाणं मोठं.

तिचं लग्न किन्हीराज्याला झालं. घर चांगलं, शेती चांगली. पहिल्या बाळंतपणाला तिला आणायची तुमची तयारी चालली होती, डिंक आणून ठेवला होता. दिवस भरायच्या आधीच तिकडून माणूस आला. तो अंगणातच उभा राहिला. तुम्ही ओल्या हातांनी बाहेर आलात आणि त्याच्या तोंडाकडे पाहून समजलात. ती गेली, आणि बाळही गेलं.

त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही. तुम्ही कधी बोलला नाहीत, मी कशी लिहू.

सुतक फिटल्यावर तुम्ही एकच सांगितलंत, की तो बाजा घरातून काढा. सासूबाईंनी निरोप बैठकीत पोचवला. भासऱ्यांनी का म्हणून विचारलं नाही. माझा भाऊ कारंज्याहून समाचाराला आला होता, त्याच्या गाडीत पेटी आणि सगळ्या तबकड्या घालून दिल्या. चौरंगाची जागा रिकामी झाली. भासरे संध्याकाळी ओसरीवर बसायला लागले, एकटेच. तुम्ही दोघं एकमेकांशी जेवणापुरतं, बियाण्यापुरतं बोलत होता. पोरीचं नाव मी तुमच्या दोघांच्या तोंडून पुन्हा एकत्र कधी ऐकलं नाही.

आणि तुम्ही माझ्याशी भांडणंही सोडून दिलंत. मी किती वेळा मुद्दाम खोड काढली. माझंच गाणं गुणगुणले, तुमच्याजवळ बसून, चुकीचं. तुम्ही ऐकलंत आणि शेणाच्या पाट्या उचलून गेलात. बाई, तेव्हा मला वाटलं होतं की माणूस मेल्यावर घर सुनं होतं ते असं. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

अशी वर्षं गेली. सासूबाई गेल्या. माझी मुलं मोठी झाली. आणि एका सकाळी वरच्या वावरात आपण दोघी शेजारशेजारच्या ओळींत कापूस वेचत होतो. दव होतं, बोटं गार पडली होती. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "सरू, तुह्या त्या बाईले सूर लागतच नव्हता."

मी ओटीतला कापूस तसाच धरून उभी राहिले. मला रडू यायला लागलं आणि ते तुम्हाला दिसू नये म्हणून मी मोठ्याने भांडायला लागले. काहून नाही लागत, तुमच्या त्या मिशा काढलेल्याला लागत होता का? तुम्ही उलट बोललात. त्या दोन ओळी वेचून संपेपर्यंत आपण भांडलो. मजुरणी थांबून पाहायला लागल्या. त्या सकाळसारखी सकाळ देवाने मला दिली, याबद्दल मी त्याचे पाय धरीन. बाकी त्याने केलं त्याबद्दल नाही.

मग वाद पुन्हा रोजचा झाला, पण आता तबकड्या नव्हत्या. सगळं आठवणीवर. तुमच्या गाण्यात दुसऱ्या ओळीनंतर सनई होती असं तुम्ही म्हणायच्या, मी म्हणायची सारंगी. माझ्या गाण्याचं शेवटचं कडवं तुम्ही वेगळंच म्हणायच्या आणि तेच खरं म्हणून अडून बसायच्या. या दिवाळीनंतर तुम्हीच काढलंत, की कारंज्याला जाऊ, तुझ्या भावाकडे पेटी असेलच, एकदा काय तो निकाल लावू. घरात सांगितलं, दत्ताच्या दर्शनाला जातो. तुम्ही नवं लुगडं नेसलात. गाडीत बसल्यावर तुमच्या तोंडावर मी जे पाहिलं ते मला लग्नानंतरच्या त्या पहिल्या दुपारी दिसलं होतं.

माझ्या भावाने माळ्यावरून पेटी काढली. कर्ण्याला पोचे पडले होते. लढाईमुळे सुया मिळत नाहीत म्हणून एकच झिजलेली सुई होती. माझी तबकडी त्याच्या पोरांनी कधीच फोडली होती. तुमची होती. आपण दोघी पहिल्यांदाच पेटीच्या समोर बसलो, भिंत मधे नसताना. भावाने चावी दिली.

आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीच्या मागे, फार लांबून, कोणीतरी नाकात गात असल्यासारखं. मधेच सुई एका जागी अडकून तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजायचा. भाऊ बोटाने ढकलायचा. सनई होती की सारंगी, ते कळलं नाही. ज्या ओळीवर तुम्ही भिंतीला डोकं टेकायच्या ती ओळ कधी येऊन गेली तेही मला कळलं नाही. पाहता पाहता संपलं. एवढंसंच होतं ते, बाई? इतकी वर्षं आपण त्याला केवढं मोठं केलं होतं.

तुम्ही उठलात, माझ्या वहिनीला म्हणालात की निघतो आता, ऊन कलतं आहे. दर्शन घेतलं. परतीच्या वाटेवर गाडी गावाबाहेर पडली. मग म्हणालात, "तुह्यं फुटलं म्हणून वाचलं." मी हसले, कारण मला वाटलं वाद चालू आहे. तुम्ही हसत नव्हता.

थोड्या वेळाने तुम्ही म्हणालात, "मले कमळीचा आवाज आठवत नाई, सरू. तोंड दिसते तिचं. आवाज नाई येत. म्हटलं, ते गाणं ऐकलं तर येईन."

म्हणजे निकाल लावायला आपण गेलोच नव्हतो. हे मला तोवर समजलं नव्हतं.

तुम्ही विचारलंत, तुला आठवतो का. मी हो म्हटलं. मला खरंच वाटलं की आठवतो. "मंग म्हणून दाखव," तुम्ही म्हणालात. गाडीवान पुढे पाहत होता. मी हळू आवाजात सुरू केलं. जे निघालं ते त्या तबकडीतलं होतं, नाकातलं, खरखरीसकट. मी पुन्हा सुरू केलं, तर माझाच आवाज. तुम्ही माझ्या गुडघ्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "राहू दे." बस्स. त्यानंतर घर येईपर्यंत आपण कपाशीकडे पाहत होतो.

पौषात थंडी पडली आणि तुम्हाला ताप भरला. छातीत दुखायचं. डॉक्टर कारंज्याहून गाडीने आले, औषध दिलं, जाताना अंगणात भासऱ्यांशी बोलले ते मी दारामागून ऐकलं. मी तुमच्या उशाशी बसून राहिले. मनात म्हणत होते की आता एकदा भांडा. म्हणा, की त्या बाईला सूर लागत नव्हता. मी ऐकून घेईन. तुम्ही फक्त विचारलंत, वरच्या वावरातला कापूस आला का घरी. मी हो म्हटलं. भरदुपारी, अंगणात ज्वारी वाळत असताना, तुम्ही गेलात.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाशी वैर नसतं, त्याचं सगळं कबूल करावं. मी करणार नाही. तुमचं गाणं मोठं नव्हतं. माझं मोठं होतं. तुमचं म्हणणं मी कबूल केलं तर तुमच्याशी असलेलं शेवटचं बोलणंही संपेल, आणि मग मला या घरात बोलायला काही उरणार नाही.

पण काल जे झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. त्यासाठीच एवढं लिहिलं.

पाहुणे गेल्यावर मी चुलीपाशी होते. भासरे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले. इतक्या वर्षांत ते कधी तिथवर आले नव्हते आणि मी त्यांच्यासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. मी पदर ओढून भिंतीकडे वळले. ते उंबऱ्याबाहेरच थांबले. मग म्हणाले, "तुमी दोघी गाण्यावरून भांडत होत्या म्हणे. मजुरणी सांगत होत्या. तिचं कोणतं होतं?"

रीत आड आली, रडू आड आलं. ते जाईनात. शेवटी भिंतीकडे तोंड करून मी तुमच्या गाण्याची पहिली ओळ म्हटली. जशी आली तशी.

ते म्हणाले, "हे तं कमळीचं."

मी मान हलवली. पदराआडून म्हटलं, "बाईच लावायले सांगत होत्या तिले." त्यांच्याशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य.

ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "चावी उतरली का गाणं खाली बसत जाय. पोट्टी तसंच शिकली. शेवटी खालीच येत जाय." आणि त्यांनी ती ओळ म्हटली. जाड, न वळणाऱ्या गळ्याने, अगदी हळू. ओळीच्या शेवटी सूर घसरून खाली बसला, आणि तिथे एक छोटा श्वास घेऊन त्यांनी तो पुन्हा उचलला. बाई, ती कमळी होती. मला ती तशीच्या तशी ऐकू आली, परकर आवरत बैठकीतून पळत येणारी. मी तोंडावर हात दाबला.

ते म्हणाले, "मी रोज म्हणतो. वावरात." मग तुमच्याबद्दल विचारलं, "तिनं मले काहून नाई सांगतलं?"

ते वळले, पायांत जोडा घातला आणि वावराकडे गेले. तव्यावरची भाकरी करपली होती.

बाई, कमळीचा आवाज घरातच होता. आपण तो शोधायला कारंज्याला गेलो.